सभागृहाच्या गच्चीवर सोलर बसवण्याआधी

प्रश्न: आमची वसाहत इंदूरच्या पश्चिम भागात असून येथे १८० घरे आहेत. नर्मदेचे पाणी दिवसाआड येते. उरलेली गरज दोन सामायिक बोरिंग आणि एक उंच टाकी यांवर भागते. रहिवासी संघाचे एक सभागृह आहे, त्यात गणेशोत्सव, व्याख्याने आणि लग्नकार्ये होतात. एका कंपनीने सभागृहाच्या गच्चीवर ४० किलोवॉटचे सोलर सुचवले असून बिल शून्यावर येईल असे लिहून दिले आहे. पार्षदांनी (नगरसेवकांनी) वॉर्डाच्या निधीतून काही रक्कम मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. हा प्रस्ताव घ्यावा का, आणि अशा कामात नगर निगमचा वाटा कोणता व वसाहतीचा कोणता? (सचिव, रहिवासी संघ)

उत्तर:

ताई, आपण प्रश्नासोबत सभागृहाची आणि बोरिंगची वर्षभराची बिले जोडली आहेत, त्यामुळे अंदाजाने न बोलता आकड्यांवर बोलता येते. माझे मत आधीच सांगतो. ४० किलोवॉटचा हा प्रस्ताव आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये. सोलर आपल्या वसाहतीत जरूर यावे, पण ते योग्य गच्चीवर, योग्य मापाचे आणि योग्य क्रमाने यावे. निगमांची पंपघरे, पथदिवे आणि वसाहतींच्या सामायिक सोयी यांचे ऊर्जा-परीक्षण करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि सार्वजनिक ऊर्जा-प्रकल्प तंत्रज्ञानापायी अडलेला मी क्वचितच पाहिला आहे. तो अडतो तीन गोष्टी आधी न ठरल्यामुळे: बिल कोण भरतो, वाचलेला पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो, आणि पाच वर्षांनी काही बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोण उचलतो. आपल्या प्रश्नातील प्रत्येक भाग मी याच कसोटीवर तपासून पाहणार आहे.

सभागृहाच्या बिलांवरून वर्षाची सरासरी महिन्याला सुमारे ७०० युनिट निघते. लग्नसराईत ती दुपटीवर जाते आणि पावसाळ्यात, गणपतीचे दहा दिवस सोडले तर, तीनशेच्याही खाली येते. माळव्यात दक्षिणेकडे तोंड करून आणि सावलीपासून दूर बसवलेले एक किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते. म्हणजे ४० किलोवॉटमधून महिन्याला सुमारे ४,८०० युनिट निघतील. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपण दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, जास्तीची वीज पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळती होते हे खरे, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस जे युनिट शिल्लक राहतात त्यांचे पैसे आपण वीज घेतो त्या दराने मिळत नाहीत. नियामक आयोगाने ठरवलेल्या, त्याहून बऱ्याच कमी दराने मिळतात. दरवर्षी हजारो युनिट त्या दराने देत राहणे हा वीज कंपनीचा फायदा आहे, संघाचा नव्हे. शिवाय एवढी क्षमता जोडायची तर मंजूर भार, म्हणजे जोडणीला मान्य झालेली क्षमता, वाढवावा लागेल, आणि भार वाढला की स्थिर आकारही, म्हणजे वापर कितीही असला तरी द्यावी लागणारी रक्कमही, वाढते. हा स्थिर आकार सोलरमुळे कधीच जात नाही, म्हणून "बिल शून्य" हे शब्द ज्या कागदावर असतील त्याचे बाकीचे आकडेही बारकाईने पाहावेत. सभागृहाला सहा, फार तर सात किलोवॉट पुरेसे आहेत.

दुसरी अडचण अनुदानाची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम सूर्य घर योजनेत, जिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे, अनुदान निवासी ग्राहकांसाठी आहे. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेला किंवा रहिवासी संघाला सामायिक सोयींसाठी, घरामागे तीन किलोवॉटच्या हिशोबाने आणि ५०० किलोवॉटच्या मर्यादेत, दर किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. आपले सभागृह लग्नकार्याला भाड्याने दिले जाते आणि त्याची वीजजोडणी गैरघरगुती श्रेणीत आहे, हे बिलावर स्पष्ट छापले आहे. तेव्हा कंपनीने सभागृहासाठी जी अनुदानाची रक्कम धरली आहे ती वगळून हिशोब पुन्हा मागवावा. तो हिशोब मिळाल्यावर प्रस्तावाचे रूप बरेच पालटलेले दिसेल.

आता बोरिंगकडे वळतो, कारण आपल्या वसाहतीचा खरा पैसा तिथे जातो आहे आणि त्याविषयी आपल्याला कोणी काही सुचवलेले नाही. दोन्ही पंपांचे मिळून महिन्याला सुमारे ९०० युनिट, म्हणजे दिवसाला ३० युनिट, जळतात आणि आपण लिहिल्याप्रमाणे रोज सुमारे ४०,००० लिटर पाणी टाकीत चढते. बोरमधील पाण्याची पातळी ७० मीटर खोल आणि टाकी जमिनीपासून १० मीटर उंच असे धरले तर पाणी एकूण ८० मीटर उचलले जाते. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, कोठेही काहीही वाया गेले नाही तर, ०.२७ युनिट लागतात. हा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे, त्यात कोणाला सवलत नाही. त्यानुसार आपल्या ४०,००० लिटरांना जेमतेम ८.७ युनिट पुरायला हवेत. प्रत्यक्षात ३० जळतात, म्हणजे पंप, मोटर आणि पाइप यांची एकत्रित कार्यक्षमता ३० टक्क्यांच्याही खाली आहे. चांगला, त्या खोलीला साजेसा, तारांकित (वीज-बचतीचे तारे मिळालेला) सबमर्सिबल पंप असेल आणि पाइप योग्य व्यासाचा असेल तर हीच कार्यक्षमता ५० टक्क्यांपर्यंत सहज जाते, आणि मग रोज सुमारे साडेसतरा युनिटांत काम होते. रोजचे साडेबारा युनिट वाचवणे म्हणजे गच्चीवर तीन किलोवॉटचे सोलर बसवण्यासारखेच आहे, आणि तेवढ्या सोलरचा खर्च आजच्या भावाने दीड लाखांच्या वर जातो. पंप बदलण्याचा खर्च त्याच्या बराच खाली येतो.

हे आकडे आपल्याच माणसांनी एकदा पडताळून पाहावेत. त्यासाठी कोणताही तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. नर्मदेचे पाणी येत नाही त्या दिवशी सकाळी, टाकीचा खालचा वॉल्व्ह बंद करून, पंप सुरू करण्याआधी मीटरचे वाचन फोटोसह नोंदवा. टाकीची लांबी-रुंदी मोजलेली असावी आणि पाण्याची पातळी आत सोडलेल्या पट्टीवर पाहता यावी. पंप एक तास चालवा, तो बंद करताच मीटर आणि पातळी पुन्हा नोंदवा. किती लिटर चढले आणि किती युनिट जळले, एवढ्या दोन आकड्यांवरून एक हजार लिटरला किती युनिट हे निघते. दोन्ही पंपांचे हे मोजमाप वेगवेगळे करा. माझा अनुभव असा की दोनांपैकी एक पंप बरा असतो आणि दुसरा, जो कधीकाळी जळून दोन-तीनदा रिवाइंड केलेला असतो, तो सगळे बिल खात असतो. मग नवा पंप एकच घ्यावा लागतो. पाइपही पाहा. पूर्वी वरच्या बाजूला कमी व्यासाचा तुकडा जोडलेला असेल तर तेवढ्या लांबीत घर्षण अनेक पटींनी वाढते. व्यास निम्मा झाला तर त्याच प्रवाहाला घर्षणाचा दाब सुमारे ३२ पट लागतो. पंप बदलला आणि असा तुकडा तसाच ठेवला तर नव्या पंपाचे निम्मे काम त्या तुकड्यातच जाईल.

नवा पंप निवडताना दुकानदार किती अश्वशक्तीचा हवा असे विचारील. त्याला किती मीटर उंची आणि तासाला किती लिटर हवे ते सांगा, आणि त्या उंचीला व प्रवाहाला पंपाची कार्यक्षमता किती हे त्याच्या तक्त्यातून दाखवायला सांगा. "थोडा मोठाच घ्या, पुढे पातळी उतरली तर उपयोगी पडेल" हा सल्ला वसाहतींना फार महाग पडतो, कारण गरजेहून मोठा पंप रोजच्या रोज ज्या उंचीला व प्रवाहाला तो सर्वांत कार्यक्षम असतो त्यापासून दूर चालत राहतो.

याला जोडूनच नर्मदेच्या पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. इंदूरला राहणाऱ्या आपणा सर्वांना १९७० चे नर्मदा आंदोलन वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक आहे आणि १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात आले हेही. पण ते पाणी येथवर येते कसे याचा विचार आपण नळ उघडताना करत नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे नदीपात्र समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटरांवर आहे आणि इंदूर साडेपाचशे मीटरांवर. मध्ये विंध्याचा घाट आहे. तो चढून वांचू पॉइंटपर्यंत पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी ढकलले जाते आणि तेथून पुढे उताराने शहराकडे येते. अंतर सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. निव्वळ चारशे मीटरांची उंची धरली, घाटमाथ्याची जादा चढण आणि पाइपातील घर्षण सोडून दिले, आणि पंपांची कार्यक्षमता ७० टक्के मानली, तरी प्रत्येक हजार लिटरमागे दीड युनिटाहून अधिक वीज लागते. निगमच्या पाणीपुरवठ्याचे वीजबिल महिन्याला वीस कोटींहून अधिक येते ते यामुळे. देशातल्या फार थोड्या मोठ्या शहरांना पाणी इतक्या उंचावर चढवून आणावे लागते.

आता आपल्या वसाहतीचा हिशोब करून पाहा. दिवसाआड पाणी आले की घरोघरच्या जमिनीखालील टाक्या भरतात, आणि ज्या टाकीला फ्लोट वॉल्व्ह (टाकी भरताच पाणी आपोआप बंद करणारी झडप) नाही किंवा असून बिघडलेला आहे तिचे पाणी रस्त्यावर वाहते. १८० पैकी ४० घरांतून प्रत्येक पाळीला दोनशे लिटर वाहून गेले तर ८,००० लिटर होतात. त्यामागे नर्मदेकाठी जळलेली वीज बारा युनिट, आणि महिन्याला पंधरा पाळ्या धरल्या तर १८० युनिट. हे बिल आपल्या मीटरवर येत नाही म्हणून आपल्याला ते दिसत नाही. ते निगमच्या खात्यातून, म्हणजे शेवटी आपल्याच मालमत्ता कर आणि जलकरातून जाते. चांगला फ्लोट वॉल्व्ह काही शे रुपयांत मिळतो. सगळ्या इंदूरमध्ये ऊर्जेची इतकी स्वस्त बचत मला दुसरी माहीत नाही, आणि ती निगमला कितीही इच्छा असली तरी करता येणार नाही. ती आपल्या अंगणातच व्हावी लागते. संघाने एकाच वेळी सर्व घरांचे वॉल्व्ह तपासून घ्यावेत आणि ज्यांना खर्च परवडत नाही त्यांचे संघाने बसवून द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

निगमचा वाटा मोठा आहे आणि तो त्याने काही अंशी उचललेलाही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर नगर निगमने जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून व्याजाने पैसे घेण्याची कर्जपत्रे, विक्रीस काढले, २४४ कोटी रुपये उभे केले आणि सव्वाआठ टक्के व्याज देऊ केले. हे रोखे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदले गेले, आणि सामान्य गुंतवणूकदारांना थेट विकत घेता येतील असे हरित रोखे काढणारी ही देशातली पहिली नगरपालिका ठरली. मागणी जवळपास सहापट आली. ६० मेगावॉटमधून, वर्षाला किलोवॉटमागे दीड हजार युनिटांच्या हिशोबाने, सुमारे नऊ कोटी युनिट निघतात. मला या योजनेत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की तिने खर्च करणारा आणि बचत मिळवणारा एकच ठेवला: कर्ज निगमचे, पंप निगमचे, बिल निगमचे, आणि कमी झालेल्या बिलातून परतफेडही निगमचीच. अशी जुळणी असली की प्रकल्पाची देखभाल आपोआप कोणाच्या तरी काळजीचा विषय बनते. मात्र सौर विजेमुळे गळती कमी होत नाही. गळणाऱ्या पाइपातून स्वस्त विजेने पाणी ढकलणे हेही नुकसानच आहे. अमृत २.० या केंद्रीय योजनेने महसूल न देणारे पाणी, म्हणजे गळती-चोरीत जाऊन ज्याचे पैसे मिळत नाहीत ते पाणी, २० टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि वसाहतीच्या तोंडाशी पाण्याचा मीटर बसल्याखेरीज ते कोणत्याही शहराला गाठता येणार नाही. आपल्या पार्षदांकडे मागायची पहिली वस्तू हीच आहे. तिच्याविषयी पुढे लिहितो.

पथदिव्यांविषयी आपण विचारले नाही, तरी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर वसाहतीतील खांबांवर स्वतंत्र सोलर दिवे बसवण्याचीही एक ओळ आहे. ते घेऊ नयेत. खांबांची वीज निगम भरते. दिवे बदलले तर बचत निगमला होईल, आणि बॅटरी तीन-चार वर्षांनी संपल्यावर बदलण्याचा खर्च मात्र संघावर येईल. जिथे तार पोहोचत नाही तिथे सोलर दिव्यांना अर्थ आहे. इंदूरजवळच्या सनावदिया येथे पद्मश्री जनक पलटा मगिलिगन यांनी सौर आणि पवन ऊर्जेच्या जोडीने आदिवासी वस्तीच्या वाटेवर उजेड आणला, तो या प्रकारचा योग्य उपयोग होता. आपल्या वसाहतीत तारा आहेत, खांब आहेत. तेथे जुना २५० वॉटचा सोडियम दिवा, जो चोकसह २८० वॉटपर्यंत घेतो, काढून १२० वॉटचा एलईडी लावला की वर्षाच्या चार हजार तासांत दर खांबामागे सहाशेहून अधिक युनिट वाचतात. अशा कामाचे कंत्राट निगमने बचतीतून परतफेड या पद्धतीने दिले असेल तर त्यात एक गोम असते, ती नागरिकांनीही समजून घ्यावी. बदलापूर्वी खांबांपैकी निम्मे बंद पडलेले असतील तर जुने बिल मुळातच कमी असते. नंतर सगळे दिवे पेटू लागले की बिल वाढते आणि बचत कागदावर दिसेनाशी होते, मग निगम व कंत्राटदार यांचा वाद सुरू होतो आणि त्या वादात दिवे पुन्हा बंद पडतात. म्हणून काम सुरू होण्याआधी कोणता खांब पेटतो आणि कोणता नाही याची नोंद खांबाच्या क्रमांकासह दोन्ही पक्षांनी सही करून ठेवली पाहिजे. आपला संघ आपल्या वसाहतीपुरती ही नोंद एका संध्याकाळी करून झोन कार्यालयात देऊ शकतो. दिवसा पेटत राहणाऱ्या दिव्यांची नोंदही त्यातच करावी.

ओल्या कचऱ्याचा उल्लेखही येथेच करतो, कारण अनेक जण तो ऊर्जेचा विषय मानत नाहीत. देवगुराडिया येथील बायो-सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची आहे आणि त्यातून सुमारे १७,००० किलो वायू मिळू शकतो, ज्यावर शहरातील बस चालतात. हे शक्य झाले ते घराघरांत कचरा वेगळा होतो म्हणून. प्लास्टिक मिसळलेला कचरा त्या टाक्यांना चालत नाही. इंदूरने देशाला काही दाखवले असेल तर ते हे की निगम आणि घर या दोघांनी आपापले काम नेमून घेतले तर मोठा प्रकल्प टिकतो. पाण्याच्या आणि विजेच्या बाबतीत तीच विभागणी आपल्याला अजून करायची आहे.

आता घरांवरील सोलर. आपल्या वसाहतीसाठी सोलरची खरी जागा सभागृह नसून ही १८० घरे आहेत, कारण अनुदान तिथे आहे, बिल भरणारा आणि बचत मिळवणारा तिथे एकच आहे, आणि बिघाड झाला तर मालकाला त्याच दिवशी कळते. ज्या घरांची गच्ची मोकळी आहे आणि महिन्याचा वापर दोनशे-तीनशे युनिटांवर आहे अशा साठ घरांनी एकत्र येऊन प्रत्येकी दोन-तीन किलोवॉटची मागणी नोंदवली, तर पुरवठादाराशी भावाविषयीच नव्हे, सेवेविषयीही बोलता येते: वर्षातून दोनदा तपासणी, बिघाडाच्या तक्रारीला किती तासांत उत्तर, आणि इन्व्हर्टर वॉरंटीबाहेर गेल्यावर बदलण्याचा आजच ठरवलेला दर. २०२४ च्या सुधारित ग्राहक-हक्क नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अहवाल लागत नाही, आणि ५ किलोवॉटपर्यंत जाळे बळकट करण्याचा खर्च वीज कंपनीने सोसायचा आहे. तरीही साठ घरे एकाच रोहित्रावर येणार असतील तर पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या झोन अभियंत्यांना आधीच यादी देऊन ठेवावी. दुपारी सगळ्यांची वीज एकदम बाहेर येऊ लागली की विजेचा दाब (व्होल्टेज) वाढून इन्व्हर्टर बंद पडण्याचे प्रकार होतात. अनुदानासाठी भारतीय बनावटीच्या सेलचे पॅनेल सक्तीचे आहेत, तेव्हा पॅनेलचे अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावेत. आणखी एक गोष्ट प्रत्येक घराला आधी सांगावी: बॅटरीशिवायचे सोलर वीज गेली की बंदच होते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसे केलेले असते. हे न सांगता विकलेल्या सोलरमुळे नंतर फार मनस्ताप होतो.

या साठ घरांच्या योजनेत भाडेकरू किंवा लहान गच्चीचे लोक मागे राहतात, याची मला काळजी वाटते. त्यांच्यासाठी पंखे हा उत्तम मार्ग आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या नव्या प्रकारच्या) मोटरचा तीस वॉटच्या आसपास. इंदूरच्या उन्हाळ्यात रोज पंधरा-सोळा तास चालणाऱ्या चार पंख्यांच्या घरात ही बचत बिलावर लगेच दिसते. प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी आपल्या ऊर्जा स्वराज मोहिमेत सांगतात तो क्रम, म्हणजे एक तृतीयांश वापर टाळा, एक तृतीयांश कमी करा आणि उरलेला तृतीयांश स्वतः निर्माण करा, हा वसाहतीच्या पातळीवर मला पूर्ण पटतो.

सभागृहाच्या सहा किलोवॉटचे काय करायचे ते आता सांगतो. ते संघाच्या पैशाने घ्यावे, कंपनीच्या गुंतवणुकीवर नको. दुसऱ्या पद्धतीत कंपनी खर्च करते आणि आपण पंधरा-वीस वर्षे दर युनिटला पैसे देतो. एवढ्या लहान प्रकल्पात त्यातील अटी संघाला झेपत नाहीत. किमान इतकी वीज घ्यावीच लागेल, गच्चीच्या दुरुस्तीसाठी पॅनेल उतरवले तर तेवढ्या दिवसांची काल्पनिक वीज आपल्या माथी, करार मोडल्यास अमुक रक्कम, अशी कलमे मी वारंवार वाचली आहेत. त्याआधी जागेची मालकी पाहा. इंदूरमध्ये अनेक वसाहतींची सभागृहे निगमच्या किंवा विकास प्राधिकरणाच्या जमिनीवर, भाडेपट्ट्याने उभी आहेत; तसे असेल तर ना-हरकत पत्र आधी घ्यावे लागेल. संघाची नोंदणी मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून, त्यात देखभालीचे स्वतंत्र खाते नोंदवून ठेवावे. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करावे, कारण पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात आणि ते उचलून गच्ची दुरुस्त करणे खर्चाचे असते. पॅनेलचा सांगाडा केवळ सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला चालणार नाही. मे महिन्यातील वळवाची वादळे त्याला उलटवतात. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या झाडाची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात पॅनेलवर पडू नये; झाड तोडून सोलर बसवू नये, जागा बदलावी. आणि मार्च ते जून या धुळीच्या दिवसांत दर पंधरवड्याला पहाटे साध्या पाण्याने पॅनेल धुण्याचे काम कोणाकडे, हे नाव घेऊन ठरवावे.

पैसा कसा फिरवायचा याविषयी एक चांगला नमुना आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट शहराने १९९५ पासून एक अंतर्गत निधी चालवला आहे. त्यातून महापालिकेच्या शाळा, दवाखाने यांच्या ऊर्जा-बचतीच्या कामांना पैसे दिले जातात, आणि वाचलेल्या बिलाची रक्कम परतफेड होईपर्यंत त्याच निधीत जमा होते. मग तीच रक्कम पुढच्या कामाला जाते. आपल्याकडे निगम असा निधी केव्हा उभारील ते त्याच्या हातात आहे, आणि नागरिकांनी तशी मागणी अवश्य करावी. पण १८० घरांचा संघ हे उद्या सुरू करू शकतो. पंप बदलल्यावर महिन्याला जे पावणेचारशे युनिट वाचतील त्यांची रक्कम संघाच्या साधारण खात्यात विरघळू देऊ नका. ती वेगळ्या खात्यात टाका. बोरिंगच्या जोडणीवर सोलर बसवायची वेळ येईल तेव्हा, सामायिक सोयींचे अनुदान धरून, बराचसा पैसा त्यातूनच उभा राहील, आणि पंप आधी सुधारलेला असल्यामुळे सोलरही कमी किलोवॉटचे लागेल.

पार्षदांकडून वॉर्डाच्या निधीत सोलर मागू नये. त्यांच्याकडे वसाहतीच्या मुख्य पाइपावर पाण्याचा मीटर, जुनी गळकी लाइन बदलणे, आणि बोरिंगला स्वतंत्र वीज व प्रवाह मीटर मागावेत. ही निगमच्या कामाची हद्द आहे, त्यांची मालमत्ता निगमची राहील आणि त्यांची देखभालही निगमकडे मागता येईल. अर्जासोबत आपले एक तासाचे पंपाचे मोजमाप आणि खांबांची नोंद जोडली तर झोन कार्यालयातील अभियंत्यालाही प्रकरण पुढे सरकवणे सोपे जाते; मोकळ्या विनंतीपेक्षा आकडे जोडलेल्या अर्जावर शेरा लवकर पडतो, असे मी पाहत आलो आहे.

कंपनीला उत्तर देताना प्रस्ताव नाकारल्याचे लिहू नका. सभागृहासाठी सहा किलोवॉटचा, अनुदान वगळून, महिनावार अपेक्षित युनिटांसह आणि पाच वर्षांच्या देखभालीच्या दरासह नवा प्रस्ताव मागवा, आणि तशीच मागणी आणखी दोघांकडे करा. पंपांचे मोजमाप मात्र एप्रिल-मे मध्ये, बोरची पातळी सर्वांत खाली असताना, पुन्हा एकदा करा आणि नव्या पंपाची मागणी त्या आकड्यावर ठरवा. पावसाळ्यानंतरच्या पातळीवर निवडलेला पंप ऐन उन्हाळ्यात पाणी उचलेनासा होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वसाहतीला त्याची सर्वाधिक गरज असते.